काळी, पांढरी आणि आपले घर

मराठी गावाच्या जुन्या भाषेत जमिनीचे दोनच रंग होते. पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या मातीची घरे पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, चुलींची राख मिसळत गेली आणि वस्तीची जागा पांढुरकी झाली. म्हणून गावठाणाला 'पांढरी' म्हणायचे. आजही मराठवाड्यात एखादे उजाड टेकाड दाखवून म्हातारी माणसे सांगतात, 'ही जुन्या गावाची पांढर'. गावाच्या पंचायतीत साक्ष द्यायची ती काळी आणि पांढरी या दोघींना स्मरून. शेतजमिनीवर घर बांधावे की नाही, याविषयीचा आजचा कायदा समजून घ्यायचा असेल, तर या दोन रंगांपासून सुरुवात करावी लागते.

शेतात घर बांधू नये, असा पूर्वी कोणता कायदा नव्हता. तशी गरजही फारशी नव्हती. चोर, लांडगे, पेंढारी आणि पाणी या चार कारणांनी माणसे एकत्र राहत. गावाला कूस असे, मध्ये पाटलाची गढी असे. पण पांढरीवर कोणाला किती आणि कुठे जागा, याचा अलिखित नियम मात्र पक्का होता. ज्याची पिढीजात जमीन तो मिरासदार, त्याचे घर मध्यभागी. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी, त्याला जागा मिळे पण हक्क नसे. महार, मांग गावकुसाबाहेर. आणि आपले लोक, म्हणजे मुलाणी, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे कुठेतरी कडेला, मशिदीच्या किंवा वेशीच्या आसपास. मुलाण्याला गावाकडून बलुते मिळे, कुठे थोडी इनाम जमीनही असे. बाकीच्यांकडे हुन्नर होता, बैठक होती, राहायला चार भिंती होत्या. काळी मात्र नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा आडवी येते.

'मिरास' हा शब्द अरबी आहे, अर्थ वारसा. 'मौजे', 'कसबा', 'तालुका', 'जिल्हा', 'तहसील', 'जमाबंदी', 'हद्द', 'नकाशा', 'सनद', 'दाखला' हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज कोणताही शेतकरी ते परके मानत नाही. दख्खनच्या सुलतानांच्या कारभारातून ही भाषा आली. या कारभारातले सर्वांत मोठे नाव मलिक अंबरचे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहरीचे पाणी आणले. त्याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची जी पद्धत घालून दिली ती 'मलिकंबरी धारा' या नावाने पुढेही ओळखली गेली. पण अंबरचा प्रश्न होता तो काळीचा: कोणती जमीन किती पिकते आणि सरकारचा वाटा किती? पांढरीवर कोणी किती खणांचे घर बांधले, याच्याशी दरबाराला फारसे देणेघेणे नव्हते. ते गाव पाहून घेई.

सरकारने घराकडे नजर वळवली ती इंग्रजी अमलात, आणि तीही नगररचनेसाठी नव्हे, साऱ्यासाठी. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, मातीची प्रत ठरली, ३० वर्षांसाठी सारा कायम झाला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने एक तत्त्व बसवले: जमिनीचा आकार तिच्या वापरावरून ठरेल. शेतीला एक दर, इमारतीला वेगळा. म्हणून त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात म्हटले की शेतीसाठी दिलेली जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर कलेक्टरची परवानगी घ्या. आज ज्याला आपण 'बिनशेती' किंवा 'एनए' म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे. सरकारला ना हवेची काळजी होती ना हिरवाईची. शेतसारा भरून कोणी बंगला बांधला तर आपले उत्पन्न बुडेल, एवढीच चिंता होती. गावठाणाच्या आत हा प्रश्न नव्हता, म्हणून गावठाणाभोवतीची रेघ महत्त्वाची झाली. रेघेच्या आत घर, बाहेर शेत. पूर्वी मातीच्या रंगाने दाखवलेला फरक आता नकाशावर शाईने दाखवला गेला. पांढरी हळूहळू पसरत असे. शाईची रेघ हुकुमाशिवाय हलत नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथेही सालारजंगांच्या सुधारणांनंतर मोजणी झाली ती मुंबईच्या धर्तीवर, आणि १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी १९०७ च्या सुमाराचा, हैदराबाद जमीन महसूल कायदाही बऱ्याच अंशी मुंबईच्या कायद्याचाच नमुना होता. फरक एवढाच की कागद उर्दूत. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे गावोगावचे लोक असे जुने कागद घेऊन येतात. २०२३ मध्ये निजामकालीन नोंदींत कुणबी दाखले शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत एकदम वाढली आहे. त्या कागदांत कोरडवाहूला 'खुश्की', भिजणाऱ्या जमिनीला 'तरी' आणि गावठाणाला 'आबादी' म्हटलेले असते. मला हा शब्द फार आवडतो. आबाद म्हणजे वसलेले, बहरलेले. पण कागद आणणारा माणूस विचारतो तो प्रश्न भाषेचा नसतो. तो विचारतो, 'सर, आमचं घर आबादीत आहे का आबादीबाहेर?' या एका शब्दावर त्याचे घर अधिकृत की अनधिकृत हे ठरणार असते.

स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर तीन कायदे आले. तिघांचेही हेतू चांगले होते, हे आधी मान्य करू.

पहिला, १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा. वाटण्या होत होत शेताची चिंधी होते, त्यावर बैल वळत नाही, पीक परवडत नाही. म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरले आणि त्याहून लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंदी आली. दुसरा, कूळकायदा. मुंबई राज्यात १९४८ चा, हैदराबादेत १९५० चा. कसेल त्याची जमीन, हे त्याचे ब्रीद. सावकाराने, व्यापाऱ्याने शेतजमीन गिळू नये म्हणून बिगरशेतकऱ्याला ती विकण्यावर निर्बंध आले. तिसरा, १९६६ ची जोडी: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. संहितेने १८७९ ची परवानगी ४२ आणि ४४ व्या कलमांत पुढे चालवली, गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार १२२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याला दिला. नगररचना अधिनियमाने प्रादेशिक योजना आणल्या, म्हणजे कुठे शेती विभाग, कुठे रहिवास विभाग, याचे रंगीत नकाशे. गावठाणाबाहेर बांधायचे तर ग्रामपंचायत नव्हे, जिल्हाधिकारी. ज्याच्याकडे शेत आहे त्याला शेतीच्या कामासाठी शेतघर बांधण्याची सवलत राहिली.

आता हे सारे एकत्र ठेवून गावातल्या भूमिहीन माणसाच्या जागी उभे राहून पाहा. समजा एक शिकलगार आहे. बापाचे दोन खणांचे घर, तीन भाऊ, तिघांची लग्ने झालेली. गावठाणात जागा नाही. गावठाणाची हद्द आजोबांच्या वेळची आहे, तेव्हापासून माणसे कितीतरी पटींनी वाढली. मग कडेच्या शेतकऱ्याकडून एक गुंठा घ्यायचा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. छोट्या कुटुंबाला पुरे. पण तुकडेबंदी म्हणते, इतका लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ मध्ये सरकारने प्रमाणभूत क्षेत्र खाली आणले, तेही बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. म्हणजे कमीत कमी ११ हजार चौरस फुटांच्या आसपास. तेवढी जमीन घ्यायला पैसा नाही. पैसा असला तर कूळकायदा विचारतो, तू शेतकरी आहेस का? तो कधीच नव्हता. त्याच्या आजाकडे हुन्नर होता, काळी नव्हती. रीतसर बिनशेती झालेला, ले-आउट मंजूर असलेला प्लॉट घ्यावा, तर तो शहराच्या दराने.

मग तो काय करतो, ते आपण सारे जाणतो. स्टॅम्प पेपर, नोटरी, दोन साक्षीदार, रोख पैसे. सातबारावर मूळ शेतकऱ्याचेच नाव. ग्रामपंचायत नमुना ८ ला घर लावते, घरपट्टीची पावती देते, आणि त्याला वाटते की घर आपले झाले. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे त्याला कळते ते बँकेत कर्ज मागायला गेल्यावर. किंवा त्या शेतकऱ्याच्या मुलाने तीच जमीन दुसऱ्याला विकल्यावर. किंवा नोटीस आल्यावर.

२००६ च्या सच्चर समितीने नोंदवले होते की देशातल्या मुस्लिमांचा शेतीतला वाटा इतर समाजांपेक्षा कमी आहे आणि कारागिरी, छोटा धंदा, स्वयंरोजगार यांत तो जास्त आहे. ही बाब आपण नोकरी आणि शिक्षणाच्या चर्चेत वापरतो. घराच्या चर्चेत ती कोणी मांडत नाही. जमिनीचे नियम 'शेतकरी' हा नागरिकाचा मूळ नमुना धरून लिहिले गेले. ज्याच्याकडे शेत आहे त्याला शेतघर आहे, वाटणी आहे, विकायला एनए आहे. ज्याच्याकडे शेत नाही, तो तांबोळी असो, कैकाडी असो, मातंग असो की परीट, त्याच्यासाठी कायद्यात दारच ठेवलेले नाही. म्हणून हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही, आणि आपण तो केवळ आपला म्हणून मांडू नये. जुन्या गावातला उपरी आज नोटरीच्या कागदावर राहतो.

कोणी म्हणेल, रेघ हलवणे अवघड असते, नियोजन म्हणजे पोरखेळ नाही. त्यांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. शेतजमिनी संपादन झाल्या, काळीची पांढरी झाली, आणि तेही काही वर्षांत. सरकारला हवे असले की रेघ हलते. पण त्याच किल्लारीत दुसरीही गोष्ट घडली. नव्या घराचा आकार ठरला तो जमिनीच्या मालकीवरून: भूमिहीन आणि छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४०० आणि मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत सारखे केले होते. सरकारी नियमाने काळीच्या मापाने पांढरी पुन्हा वाटून दिली.

दुरुस्त्या झाल्या, नाही असे नाही. शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या वस्त्या इतक्या वाढल्या की २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. त्याने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्या नियमित करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्के भरून नियमित करता येतील, असे २०१७ मध्ये ठरले. गरिबाला ते झेपणारे नव्हते. २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये ठरावीक भागांतले जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचे पाऊल उचलले गेले. महसूल संहितेत ४२-अ ते ४२-ड ही कलमे आली. गावठाणापासून २०० मीटरपर्यंतची जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात असेल तर रहिवासासाठी बिनशेतीची वाट सोपी झाली. आणि २०२४ मध्येच नियमांत दुरुस्ती होऊन घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १००० चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने विकत घेता येईल, असे झाले. १९४७ ते २०२४. एका गरिबाच्या घराएवढी फट कायद्यात पडायला ७७ वर्षे लागली. गंमत अशी की त्याआधीच पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून सरकार भूमिहीनांना ५०० चौरस फूट जागा घ्यायला पैसे देत होते. एक खाते पैसे देई आणि दुसऱ्या खात्याचा कायदा खरेदीखत होऊ देत नसे.

या साऱ्या दुरुस्त्यांचा एक समान दोष आहे. आधी मोडू द्यायचे, मग दंड घेऊन माफ करायचे. जो नियम वीस वर्षांनी माफच करावा लागतो, तो पहिल्या दिवशी चुकीचा होता असे का मानू नये? आणि या मधल्या वीस वर्षांत ती वस्ती रस्ता, गटार, पाणी यांवाचून राहते. कारण अनधिकृत वस्तीत खर्च कसा करायचा, हा प्रश्न कागदावर तयारच असतो. नियोजन नव्हते म्हणून बकाल झाली, आणि बकाल आहे म्हणून पाडावी, असा हा गोल फेरा.

मी शेत वाचवण्याच्या विरोधात नाही. काळी एकदा गेली की परत येत नाही. शहराभोवती शेकडो एकर सुपीक जमीन बंगल्यांच्या योजनांत गेली, ती रीतसर परवानग्यांनीच गेली. एका गुंठ्याच्या घरांनी शेती संपवली, हे खरे नाही. म्हणून उपाय नियम मोडण्यात नाही, गावठाण वाढवण्यात आहे. १२२ वे कलम आजही आहे. गावठाण विस्ताराचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो, पाठपुरावा करता येतो. आपल्या मोहल्ल्यातले किती लोक ग्रामसभेला जातात? जाऊन आपल्याबरोबर मातंगवाड्याचाही प्रश्न मांडतात का? २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. मोजणीच्या दिवशी घरी हजर राहा, हद्द दाखवा, चौकशीच्या वेळी जुने कागद दाखवा. उर्दू असतील तर वाचून घ्या. पेटीत ठेवून वाळवीला देऊ नका.

जागा घेताना निदान चार गोष्टी पाहाव्यात. सातबारा आणि त्यामागचे फेरफार. गावनकाशावर गावठाणापासूनचे अंतर. प्रादेशिक किंवा विकास योजनेत ती जमीन कोणत्या विभागात आहे. आणि विकणारा 'एनए आहे' म्हणाला तर आदेशाची प्रत. त्याच्या तोंडाचा शब्द नव्हे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे पोरांना शाळेतच शिकवावे असे मला आता वाटू लागले आहे.

एक शेवटची गोष्ट घरातल्या घरातली. ज्यांच्याकडे थोडी काळी आहे, त्या आपल्या घरांत बहिणींना सांगितले जाते की तुझ्या हिश्शाचा तुकडा पडत नाही, कायद्यात बसत नाही, सही करून टाक. मिरासमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, तो कोणा भावाच्या मर्जीवर नाही. आणि तुकडेबंदी कायदाही वारसा नाकारत नाही. सातबारावर नाव लागणे वेगळे आणि जमिनीची प्रत्यक्ष फाळणी वेगळी. फाळणीने तुकडा पडत असेल तर त्या हिस्सेदाराला पैशाने मोबदला द्यावा, असे त्याच कायद्याच्या ८-अअ कलमात लिहिले आहे. सरकारने रेघ ओढून आपल्याला बाहेर ठेवले, ही तक्रार खरी आहे आणि ती मोठ्याने करायला हवी. पण तीच रेघ पुढे करून आपण आपल्या बहिणीला बाहेर ठेवत असू, तर कोणत्या तोंडाने तहसीलला जायचे?